अवधानाचे देणे : महिलांचा खेळ आणि दूरचित्रवाणीची नजर

महिलांच्या महाविद्यालयीन खेळांना दूरचित्रवाणीवर स्थान मिळावे, ही मागणी बहुतेक वेळा पैशाच्या हिशेबात मांडली जाते. सामने दिसू लागले की प्रेक्षक वाढतात, प्रेक्षक वाढले की जाहिरातदार येतात, आणि मग संघांना प्रशिक्षक, वसतिगृह, शिष्यवृत्ती मिळते. हा हिशेब बरोबर आहे, पण अपुरा आहे. त्याच्या तळाशी धर्मविचारातला एक फार जुना प्रश्न आहे: दुसऱ्याच्या कर्तृत्वाकडे लक्ष देणे ही पाहणाऱ्याची निव्वळ आवड आहे, की ते त्याने फेडायचे देणे आहे? त्याला जोडून दुसरा, अधिक अवघड प्रश्न येतो. आपल्याकडे कोणी पाहावे अशी अपेक्षा खेळाडूने धरावी, की फळाची आशा न धरता खेळत राहणे हाच तिचा धर्म? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात हे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी उभे राहतात. निष्काम कर्माचे विवरण करणारा मराठीतला थोर ग्रंथ, ज्ञानेश्वरी, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, याच जिल्ह्यातल्या नेवाशाला सिद्ध झाला. आणि कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळणाऱ्या मुलीही याच जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांतून घडतात.

आधी वस्तुस्थिती. कबड्डी हा महाराष्ट्राच्या गावागावांतला खेळ असला, तरी २०१४ पर्यंत त्याचे मोठे सामने पाहायचे तर बहुतेकदा मैदानावरच जावे लागे. त्या वर्षी २६ जुलैला प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि पहिल्याच मोसमात सुमारे ४३.५ कोटी लोकांनी ती पाहिल्याचे जाहीर झाले. मॅट, दिव्यांची रचना, वेगवेगळ्या कोनांतून टिपलेली पकड, पुन्हा संथ गतीने दाखवलेला बोनसचा पाय, यांमुळे मैदानाच्या कडेला उभे राहूनही न दिसणाऱ्या गोष्टी घरात बसून दिसू लागल्या. खेळाडूंना बोली लागू लागली. अहमदनगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार पुढे पुणेरी पलटणचा कर्णधार झाला आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्या संघाने लीगचे विजेतेपद मिळवले. जिल्ह्यातल्या कबड्डी खेळणाऱ्या मुलाला आज आपल्या पुढची वाट पडद्यावर स्पष्ट दिसते.

मुलींना ती वाट या लीगच्या निमित्ताने एकदाच दिसली, आणि तीही एक महिनाभर. २०१६ च्या जून-जुलैमध्ये पुरुषांच्या लीगला जोडून विमेन्स कबड्डी चॅलेंज ही स्पर्धा घेतली गेली. त्यात तीन संघ होते. मुंबईची अभिलाषा म्हात्रे त्यांपैकी एका संघाची कर्णधार होती. ३१ जुलैला हैदराबादमध्ये झालेला अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सवर २४–२३ असा जिंकला. अंतिम सामन्यात एका गुणाचा फरक; याहून चुरशीची लढत कोणत्या प्रक्षेपकाला हवी असते? तरीही ती स्पर्धा पुन्हा झाली नाही. याच काळात भारताच्या महिला संघाची कामगिरी कमी नव्हती. २०१० मध्ये ग्वांगझू आणि २०१४ मध्ये इंचॉन अशा दोन्ही आशियाई स्पर्धांत त्यांनी सुवर्णपदक मिळवले होते. गुणवत्ता होती, परंपरा होती, चाहतेही होते. नव्हते ते सातत्याने पाहिले जाणे.

कुस्तीतला फरक तर याहून जुना. पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून चालत आली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी लढत २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. मधल्या बासष्ट वर्षांत स्त्रिया कुस्ती खेळत नव्हत्या असे नाही. १९५० च्या दशकात हमीदा बानू ही मल्ल पुरुषांशी लढून देशभर गाजली होती, आणि तिची पुण्यात ठरलेली एक कुस्ती कुस्तीगीरांच्या संघटनेच्या विरोधामुळे रद्द करावी लागली होती. पाहायला लोक तयार होते. दाखवायला नकार होता. २०२५ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला महिला महाराष्ट्र केसरीचा किताब श्रीगोंदा तालुक्यातल्या भाग्यश्री फंड हिने जिंकला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अहिल्यानगरच्या वाडिया पार्कमध्ये पुरुषांची स्पर्धा झाली आणि पंचांच्या निर्णयावरून तिथे उठलेला वाद वृत्तवाहिन्यांनी घरोघरी पोहोचवला. जिल्ह्याच्या लेकीच्या विजयाला त्या वादाइतकी जागा मिळायला हवी होती, असे म्हणणे ही फार मोठी मागणी नाही.

या सगळ्यावर प्रक्षेपक आणि संघटक एक ठरलेले उत्तर देतात: लोकांना आवड नाही, म्हणून आम्ही दाखवत नाही. या उत्तरात असे गृहीत धरलेले असते की आवड ही आधीपासून तयार असलेली वस्तू आहे आणि दूरचित्रवाणी तिची फक्त सेवा करते. भारतीय विचारपरंपरा हे गृहीत मान्य करणार नाही. आवड संस्काराने घडते, म्हणजे पुन्हा पुन्हा घडणाऱ्या अनुभवाच्या ठशांनी. ज्याने लहानपणापासून रविवारची दुपार क्रिकेटबरोबर घालवली त्याला क्रिकेट आवडते. खेळाचे नियम कळणे, खेळाडूंची नावे तोंडात बसणे, मागच्या मोसमातला पराभव आठवणे, या गोष्टींवाचून सामना म्हणजे नुसती धावपळ दिसते. दाखवले नाही म्हणून आवड नाही आणि आवड नाही म्हणून दाखवत नाही, या वर्तुळात पहिले पाऊल टाकण्याची जबाबदारी ज्याच्या हाती साधन आहे त्याची असते.

महिला क्रिकेटचा इतिहास हे वर्तुळ कसे तुटते ते दाखवतो. १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा तीनच संघ आले होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढची तीसेक वर्षे खेळाडूंनी बरेचदा स्वतःच्या खर्चाने, रेल्वेच्या अनारक्षित डब्यांतून प्रवास करत हा खेळ जिवंत ठेवला. २००६ मध्ये महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे आले. २०१७ च्या विश्वचषकाचे सर्व सामने पहिल्यांदाच दूरचित्रवाणीवर किंवा इंटरनेटवर थेट पाहता आले, आणि लॉर्ड्सवर भारत नऊ धावांनी हरला तो अंतिम सामना या देशातल्या असंख्य घरांनी पाहिला. त्यानंतर गोष्टी वेगाने बदलल्या. २०२२ मध्ये पुरुष आणि महिला क्रिकेटपटूंना सारखे सामना-मानधन जाहीर झाले. २०२३ मध्ये विमेन्स प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ९५१ कोटी रुपयांना गेले. आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. प्रक्षेपणाने हे सारे एकट्याने घडवले नाही. पण हरलेला सामनाही पाहिला गेला की तो पुढच्या विजयाचे भांडवल होतो, हे २०१७ ने दाखवून दिले.

आता नेवाशाकडे वळता येईल. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरू होतो तो श्रोत्यांकडे केलेल्या एका विनंतीने. ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. ते मागताना आपण मोठेपणा मिरवत नसून लडिवाळपणे मागत आहोत, असेही सांगतात. पुढे त्यांनी या मागणीमागचे कारण दिले आहे, आणि ते या विषयात कळीचे आहे: वक्त्याच्या वाणीला अवधानाचे खाद्य मिळाले तरच तिच्यातला आशय पुष्ट होतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. श्रोता वक्तृत्वाचा नुसता साक्षी नसतो. त्या वक्तृत्वाच्या घडणीत त्याचा वाटा असतो. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी, मंदिराच्या खांबाला टेकून बोलणाऱ्या एका तरुणाने हे जाणले होते की एखादे कौशल्य जगाच्या लक्षावाचून पूर्ण वाढत नाही. आजही नेवाशात तो पैस खांब दाखवला जातो.

खेळाला हा विचार तंतोतंत लागू पडतो. रिकाम्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन सामना खेळणारी चढाईपटू आणि हजारो डोळ्यांसमोर खेळणारी चढाईपटू एकच असली, तरी त्यांचे खेळ सारखे नसतात. दुसरीला दडपण झेलायला शिकावे लागते. तिचा खेळ चित्रित झालेला असतो, म्हणून तो प्रशिक्षकाला पुन्हा पाहता येतो, प्रतिस्पर्ध्याला अभ्यासता येतो, आणि तिला त्याहून सरस काही शोधावे लागते. घरच्यांच्या वागण्यातही बदल होतो. मुलगी संध्याकाळी मैदानावर कुठे जाते, काय करते, हे ज्या वडिलांना अंधूक ठाऊक असते, त्यांना ते पडद्यावर दिसले की तिच्या जाण्याला अर्थ येतो. सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीने लक्ष देण्याला प्रार्थनेच्या जातीची कृती मानले होते. हेगेलने १८०७ च्या आपल्या ग्रंथात, माणसाची स्वतःविषयीची जाण दुसऱ्याने दिलेल्या मान्यतेतून आकार घेते असे मांडले. नेवाशाचा विचार या दोघांच्या बराच आधीचा, आणि एका बाबतीत अधिक नेमका आहे: तो लक्ष देण्याला पोषण मानतो.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप गीतेच्याच नावाने घेतला जातो. कर्म करण्यापुरताच अधिकार आहे, फळावर नाही, ही शिकवण घरोघरी माहीत आहे. मग प्रसिद्धीची अपेक्षा ही फळाचीच आशा नव्हे काय? खेळाडूने आपला सराव करावा, बाकीचे ईश्वरावर सोडावे, असे तिला सांगितले जाते. आणि गंमत म्हणून नव्हे तर खऱ्या सद्भावाने सांगितले जाते. पण हा उपदेश कोण कोणाला करतो, याकडे पाहिले पाहिजे. निष्कामता हा कर्म करणाऱ्याने स्वतः पत्करायचा गुण आहे. तो पाहणाऱ्याने दुसऱ्यावर लादायचा नियम झाला की त्याचा अर्थच पालटतो. शेतमजुराला कोणी निष्काम कर्म सांगून मजुरी नाकारली तर ते अध्यात्म ठरत नाही, तो अन्याय ठरतो. खेळाडूने मानाची हाव न धरणे ही तिची साधना असू शकेल. समाजाने तिला मान न देणे ही समाजाची साधना असू शकत नाही.

शिवाय ज्या गीतेतून हा आक्षेप येतो तिच्याच तिसऱ्या अध्यायात दोन विचार आहेत, जे या आक्षेपाला उत्तर देतात. पहिला यज्ञाचा: देवांनी माणसांना आणि माणसांनी देवांना पोसावे, परस्परांच्या पोषणातून दोघांचे कल्याण व्हावे, आणि जो दुसऱ्याचे देणे न फेडता उपभोग घेतो त्याला तिथे चोर म्हटले आहे. राज्याला पदके आणून देणाऱ्या खेळाडूंचा अभिमान मिरवायचा, पण त्यांचा खेळ पाहायला अर्धा तास द्यायचा नाही, ही वृत्ती या कसोटीवर टिकत नाही. दुसरा विचार लोकसंग्रहाचा. थोर जसे वागतात तसे इतर वागतात, म्हणून ज्ञान्यानेही लोकांपुढे कर्म करत राहावे, असे तिथे सांगितले आहे. लोकसंग्रह अदृश्य कर्माने होत नाही. अनुकरण करायचे तर ते कर्म दिसावे लागते. पाथर्डी किंवा अकोले तालुक्याच्या दुर्गम भागातली बारा वर्षांची मुलगी जिचे अनुकरण करील, ती खेळाडू तिला कुठेतरी दिसली पाहिजे. या अर्थाने प्रक्षेपण हे निष्काम कर्माच्या विरोधात जात नाही. लोकसंग्रहाला ते आजच्या काळात उपलब्ध असलेले सर्वांत व्यापक साधन आहे.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात याच्याही पुढे जाणारे एक धाडसी विधान आहे. वेद ज्ञानाने संपन्न असला तरी त्याच्यासारखा कृपण दुसरा नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला आणि स्त्री-शूद्रादिकांना त्याने दूर ठेवले. ही उणीव भरून काढण्यासाठी तोच गीतेच्या रूपाने सर्वांना सेव्य झाला, असा त्या विवेचनाचा आशय आहे. ग्रंथाचे थोरपण त्याच्या पोहोचीवरही ठरते, हा विचार इथे उघडपणे आला आहे. ज्ञानेश्वरांनी स्वतः मराठीत लिहिणे ही त्याच विचाराची कृती होती.

प्रक्षेपणाच्या धोरणाला या विचारातून एक कसोटी मिळते: सामना दाखवला का, इतकेच विचारून भागत नाही, तो कोणाकोणाला दिसू शकतो हेही विचारावे लागते. वर्गणी भरल्याशिवाय न दिसणाऱ्या वाहिनीवर, मध्यरात्री, हक्क विकले म्हणून दाखवलेला सामना कृपणच राहतो. अमेरिकेतले एक उदाहरण इथे बोलके आहे. ७ एप्रिल २०२४ रोजी महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा अंतिम सामना साउथ कॅरोलायना आणि आयोवा या विद्यापीठांत झाला. तो सर्वांना विनामूल्य दिसणाऱ्या एबीसी वाहिनीवर होता आणि सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशी पुरुषांचा अंतिम सामना केबल वाहिन्यांवर झाला. त्याचे प्रेक्षक सुमारे १ कोटी ४८ लाख होते. महिलांनी पुरुषांना या मोजणीत पहिल्यांदाच मागे टाकले. केटलिन क्लार्कसारख्या खेळाडूची लोकप्रियता हे त्याचे मोठे कारण होते. पण वाहिनी खुली होती, हेही कारण होते. त्याच देशात महाविद्यालयीन महिला आइस हॉकीची राष्ट्रीय स्पर्धा २००१ पासून होते. २०२४ च्या जानेवारीत उत्तर अमेरिकेत महिलांची व्यावसायिक आइस हॉकी लीग सुरू झाली तेव्हा तिचे सामने यूट्यूबवर विनामूल्य दाखवले गेले. बर्फाचा हा खेळ भारतात मुख्यतः लडाखच्या मुली खेळतात, आणि २०२५ मध्ये भारतीय महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्रातल्या फार थोड्या लोकांनी ते सामने पाहिले असतील.

भारतात खुल्या वाहिनीचे काम दूरदर्शनचे आहे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो खासगी क्रीडावाहिनीबरोबर दूरदर्शनवरही दिसला. महिला संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. १९ जानेवारीला या संघाने नेपाळला ७८–४० असे हरवले. त्या स्पर्धेची एक गोष्ट विशेष घेण्यासारखी आहे. पुरुष आणि महिला यांचे सामने एकाच सभागृहात, त्याच दिवसांत झाले. ज्यांनी पुरुषांचा सामना लावला त्यांना महिलांचा सामना आपोआप भेटला. वेगळी, लहान, बाजूला ठेवलेली स्पर्धा भरवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला आहे.

आता नजरेच्या प्रकाराकडे यावे लागते, कारण पाहिले जाणे नेहमीच हितकारक असते असे नाही. ज्ञानेश्वरांनी चांगदेव पासष्टीत पाहणारा, पाहिले जाणारे आणि पाहणे या त्रिपुटीचा विचार केला आहे, आणि एकच तत्त्व या तीन रूपांनी भासते असे प्रतिपादले आहे. अद्वैताचा तो विचार मैदानावर उतरवताना जपून उतरवला पाहिजे. पण त्यातून एक व्यावहारिक सूत्र मिळते. पाहणाऱ्याने समोरच्याला आपल्यासारखाच चैतन्याचा धनी मानले तर ते पाहणे दोघांनाही वाढवते. समोरच्याला त्याने वस्तू केले तर पाहणेच दूषित होते. महिलांच्या खेळाचे प्रक्षेपण दुसऱ्या प्रकाराकडे सहज घसरते. २०१६ च्या कबड्डी स्पर्धेतल्या तिसऱ्या संघाचे नाव आइस डिव्हाज होते. खेळाडूंच्या ताकदीपेक्षा त्यांच्या रूपाकडे लक्ष वेधणारे हे नाव निवडताना विक्रीचा विचार झाला असणार. २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल खेळणाऱ्या महिलांनी ठरवून दिलेली तोकडी चड्डी नाकारून जरा लांब चड्डी घातली, म्हणून संघाला १,५०० युरो दंड झाला. जगभर टीका झाल्यावर तो नियम बदलला. खेळाडूने काय घालावे हे तिच्या खेळाच्या सोयीने ठरावे, कॅमेऱ्याच्या सोयीने नव्हे, इतकी साधी गोष्ट मान्य करून घ्यायला जगाला इतका गदारोळ लागला.

नेवासे तालुक्यातल्याच शनिशिंगणापूरने या चर्चेची दुसरी बाजू देशापुढे आणली. तिथल्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाण्यास बंदी होती. २०१६ च्या जानेवारीत तृप्ती देसाई आणि भूमाता ब्रिगेडने तिथे प्रवेशाचा प्रयत्न केला. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिलला स्त्रियांच्या मंदिरप्रवेशाच्या हक्काला दुजोरा दिला. आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा सर्वांना खुला झाला. त्या सर्व काळात वाहिन्यांचे कॅमेरे तिथे होते. हा मुद्दा मंदिराचा असला तरी खेळाशी त्याचे नाते आहे. मैदान आणि आखाडा यांनाही असाच चौथरा असतो. तिथे स्त्रीने दिसू नये, असा अलिखित नियम दीर्घकाळ होता, आणि तो मोडताना दूरचित्रवाणीची उपस्थिती उपयोगी पडते, कारण लोकांच्या डोळ्यांसमोर झालेला प्रवेश परत नाकारणे कठीण जाते. दिसण्याची किंमतही मोजावी लागते. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले ते अहमदनगरला, सिंथिया फरार यांच्याकडे. पुढे पुण्याच्या रस्त्यावरून शाळेत जाताना लोकांनी त्यांना काय काय सोसायला लावले, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. आज त्याच प्रकारचा त्रास समाजमाध्यमांवरच्या शेऱ्यांतून तरुण खेळाडूंना होतो. म्हणून प्रक्षेपण करणाऱ्याने मुलींच्या संरक्षणाची जबाबदारीही घेतली पाहिजे: सामन्याखालच्या अश्लील टिप्पण्या काढणे, खेळाडूंची संमती घेणे, त्यांचे पत्ते आणि घरची माहिती गुप्त ठेवणे. हे केले नाही तर पालक मुलींना मैदानावरून परत बोलावतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

पडद्यावरून पाहणे हे खरे पाहणे नव्हे, असा एक सौम्य आक्षेपही असतो. या जिल्ह्यात तो टिकणे अवघड आहे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानने समाधी मंदिरातले थेट दर्शन इंटरनेटवर उपलब्ध करून दिले आहे, आणि दूरदेशी असलेले भक्त ते श्रद्धेने घेतात. पडद्यामुळे भाव पातळ होतो असे त्यांना वाटत नाही. शिर्डीची गर्दीही त्यामुळे कमी झालेली नाही. पडद्यावर पाहिलेला सामना मैदानाकडे ओढून नेतो, असाच खेळांचाही अनुभव आहे.

महाविद्यालयीन पातळीवर हे कसे घडेल, हा पुढचा भाग. अहिल्यानगर जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. महाविद्यालयांचे संघ आधी आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविभागीय सामने खेळतात. त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांना किंवा राज्याच्या अश्वमेध क्रीडा महोत्सवाला जातो. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही होतात. रचना आहे, सामने आहेत. पण आंतरविभागीय सामन्यांची वेळापत्रके बहुधा क्रीडासंचालकांच्या व्हॉट्सॲप गटापलीकडे जात नाहीत, आणि दोन दिवसांत उरकलेल्या स्पर्धेचा निकाल वर्तमानपत्रात चार ओळींत येतो. प्रेक्षक घडवायचा तर मोसम लांबवावा लागेल. सहा आठवडे, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एका महाविद्यालयाने दुसऱ्याच्या मैदानावर जाऊन खेळणे, आणि प्रत्येक सामना स्थानिक केबलवर व यूट्यूबवर दिसणे, ही किमान गरज आहे. दोन कॅमेरे, चांगला ध्वनी, पडद्यावर स्वच्छ गुणफलक, आणि मराठीत नेमके समालोचन करणारी व्यक्ती इतक्यावर सुरुवात होते. समालोचन जुन्या महिला खेळाडूंकडे द्यावे. चढाईला जाणाऱ्या मुलीच्या मनात काय चालले आहे, कोपरारक्षकाने पाय का मागे घेतला, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही. महाविद्यालयांतल्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना चित्रीकरणाचे काम शिकता येईल, हा जोडीचा लाभ.

हे सारे झाले तरी दूरचित्रवाणीच्या शक्तीला मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणे अप्रामाणिक ठरेल. कॅमेरा मैदान तयार करत नाही. जिथे मुलींना कपडे बदलायला खोली नाही, सरावानंतर घरी परतायला शेवटची एसटी मिळत नाही, तिथे प्रक्षेपणाच्या आधी त्या गोष्टी हव्यात. कॅमेरा प्रशिक्षकालाही क्वचितच पाहतो. नाशिकच्या शैलजा जैन यांनी महाराष्ट्रात अनेक वर्षे कबड्डीपटू घडवले. त्यांच्या कामाची कदर इराणने केली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी घडवलेल्या इराणच्या महिलांनी भारताला २७–२४ असे हरवून सुवर्ण जिंकले, आणि तेव्हा कुठे त्यांचे नाव त्यांच्या स्वतःच्या राज्यात सर्वतोमुखी झाले. आणखी एक मर्यादा निवडीची. प्रक्षेपणाला नेहमी काहीच चेहरे लागतात, आणि ते बहुधा मोठ्या शहरांतले, लोकप्रिय खेळांतले असतात. क्रिकेटच्या वाट्याला आलेले लक्ष खो-खो किंवा कुस्तीला आपोआप मिळत नाही. म्हणून सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या वाहिनीने खेळांमध्ये आणि जिल्ह्यांमध्ये लक्षाची वाटणी न्यायाने करणे हे तिचे बंधनकारक काम मानले पाहिजे. जोतीराव फुले यांच्या १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकातला स्त्री-पुरुषांच्या समान हक्काचा आग्रह हा या वाटणीचा नैतिक आधार होऊ शकतो.

आणि कितीही वाटणी केली तरी बहुसंख्य सामने कोणी न पाहताच खेळले जातील. तालुक्याच्या पहिल्या फेरीत हरून परतणाऱ्या संघाचा खेळ कोणत्याही पडद्यावर येणार नाही. निष्काम कर्माचा विचार इथे आपल्या मूळ जागी परत येतो. जिला कोणी पाहत नाही ती खेळाडूही खेळाच्या स्वतःच्या आनंदासाठी, शरीर आणि मन एकाग्र झाल्याच्या त्या अनुभवासाठी खेळू शकते, आणि त्या खेळाची किंमत तसूभरही कमी नसते. हा विचार तिच्या हाती बळ देतो, अट इतकीच की तो तिने स्वतः स्वीकारलेला असावा. संघटक, वाहिनी आणि प्रेक्षक यांच्याकडे मात्र अवधानाचे देणे शिल्लक राहते, आणि ते फेडण्याचे काम मोसम ठरवण्यापासून, सामन्याची वेळ गावात जाहीर करण्यापासून सुरू होते.